पिंपळाखालचा स्टॉप

टण्.

कंडक्टरने दोरी ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजायची. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. महिपत तावड्यांनी मुंबईत एकतीस वर्षं बस हाकली, घंट्या किती ऐकल्या त्याला गणती नाही. पण अकरा वर्षांपूर्वीची एक घंटी काही केल्या कानातून जात नव्हती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्त होऊन ते गावी आले आणि गावाबाहेरच्या तक्यात, म्हणजे मठीत, नूरशा फकिरापाशी जाऊन बसू लागले. रोज एकच मागणं, मलाही फकिरी द्या.

"मग देताय ना झोळी, बाबा?"

"घरदार?"

"सुटलं."

"माणसं?"

"तीही सुटली. आता सगळं लांबून बघतो. कशात जीव म्हणून अडकत नाही."

फकीर चहा ढवळत होता.

"लांबून कसं बघतोस रे? मलाही दाखव की."

तावड्यांना बरं वाटलं. त्यांनी मोबाइल काढून विटेला टेकवून उभा केला. पडद्यावर मुंबईची संध्याकाळ उतरत होती. कुणीतरी मोटारीला पुढे कॅमेरा लावून सावकाश निघालं होतं. बोलत कुणी नव्हतं. डाव्या हाताला समुद्र, वर तांबडं आभाळ, एकेक करून लागत जाणारे दिवे.

फकीर सरकून पुढे आला. पोरासारखा.

"हा निघालाय कुठं?"

"कुठंच नाही, बाबा. नुसता फिरतो. लोक घरबसल्या बघतात."

"किती लोक?"

"चार लाखांनी बघितलंय."

"या अल्ला! एवढे बसलेत गाडीत? आणि उतरत कुणीच नाही?"

तावडे हसले. "मी रोज बघतो. रस्ता येतो, रस्ता जातो. आपण कोरडेच्या कोरडे."

फकिराची नजर आता पडद्यावरून उतरून तावड्यांच्या उजव्या पायावर आली होती.

सिग्नल लागला. पाय हलला नाही. एक बाई मध्येच रस्ता ओलांडून गेली. पाय हलला नाही.

समुद्राचं वळण सरलं. पिंपळाखाली एक रिकामा बसस्टॉप आला...

तावड्यांची टाच जमिनीला टेकली आणि पंजा मातीत रुतला.

मोटार स्टॉप मागे टाकून निघून गेली.

"जरा मागं घे," फकीर म्हणाला.

तावड्यांनी मागं घेतलं. पुन्हा वळण, पुन्हा पिंपळ. पुन्हा पाय.

"कोण उभं होतं रे तिथं?"

...

"शालन," तावडे म्हणाले. "माझी लेक. मला न विचारता लग्न करून गेली होती. महिन्याभराने त्या स्टॉपवर येऊन उभी राहिली. माझी गाडी ओळखून हात केला तिनं. मागून कंडक्टरने घंटी दिली. एक."

"मग?"

"गाडीत जागा होती, बाबा. पाच-सहाच माणसं होती..."

"मग?"

"मी गिअर टाकला, न थांबता पुढं निघालो."

चहावर साय धरली होती. फकिराने ती बोटाने बाजूला केली.

"आता कुठं असते?"

"तिथंच. स्टॉपच्या मागच्या चाळीत."

मोबाइलमधली मोटार एकटीच चालली होती.

"झोळीचं तेवढं..." तावडे पुटपुटले.

फकिराने मोबाइल उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"ही गाडी दुसऱ्याची आहे, महिपत. किती ब्रेक दाबलास तरी थांबायची नाही."

मग त्याने चहातला चमचा काढला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पेल्यावर वाजवला.

टण्. टण्.

तावडे उठले. पायात वहाणा सरकवल्या आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागले.