कापलेले आधी दाखव

एक विचारतो. दोन शिंपी आहेत. एक नुसता शिवलेला सदरा हाती देतो, दुसरा सदऱ्याबरोबर उरलेल्या तुकड्यांची पिशवीही देतो. विश्वास कोणावर ठेवाल? चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसून उत्तर मला पक्के ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र मी एका कॉलेजात शिकलो, आणि मी स्वतः सातवी पास.

तिथे एक वृद्ध गुरुजी मुलांना पत्रकारिता शिकवीत असत. एकदा दुकानाची जाहिरात करून घ्यायला मी त्यांच्या वर्गात गेलो, तेव्हा त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी मोबाइलवर केलेली बातमी दाखवीत होती. एका वस्तीत पाणी उशिरा येते, हा विषय. आरंभी ड्रोनमधून दिसणारी पाण्याची टाकी, मग पाणी सोडणारे गेनूमामा: "हो, रोज तासभर उशिराच सोडतो मी." बरोबर साठ सेकंद. पाच वाजता ती गावच्या वाहिनीवर जायची होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुजी म्हणाले, "छान. आता जे कापलंस, तेवढंच जोडून दाखव."

"कचऱ्याची फिल्म, सर?" मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले. "महोत्सवाला पाठवू."

वर्ग हसला. ती हिरमुसली, पण कामाला बसली. थोड्या वेळाने पडद्यावर पुन्हा मामा आले. त्या वाक्यानंतर ते बराच वेळ गप्प होते. ते थांबणे सॉफ्टवेअरने आपोआप गाळले होते, आणि पुढचे बोलणे हिने. "काय करू बाई, पंप अर्धाच चालतो. टाकीच भरत नाही. साहेबांना दोनदा लेखी दिलंय. माझी नोकरी कंत्राटी, जास्त बोलता येत नाही."

"मी खोटं काहीच घातलं नाही, सर," ती हळूच म्हणाली.

"नाही घातलंस. म्हणून तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. कापायला यंत्र तुला माझ्याहून चांगलं शिकवील. पण शांतता त्याला रिकामी जागा वाटते. तिथे तो माणूस धीर गोळा करत होता. उद्या त्याची नोकरी गेली असती, तर ती तुझ्या बोटाखालून गेली असती."

"पण सर, वाहिनीला साठच सेकंद हवेत."

"मग काय गाळायचं ते तू ठरव."

तिने ड्रोनचे दृश्य काढून टाकले. तीन दिवस उन्हात खपून घेतलेले, तिचे सर्वांत लाडके. मामांचे बोलणे पुरे बसले, मधल्या शांततेसकट. पाचला पाच मिनिटे असताना बातमी गेली.

माझी जाहिरातही पुढे तिनेच केली. सोबत एक कागद दिला: काय कापले, का कापले. पहिल्याच ओळीत माझे वाक्य होते, 'असा माल जिल्ह्यात कुठे नाही.' त्यापुढे लिहिले होते, 'पडताळता आले नाही.'

तो कागद मी गल्ल्यामागे चिकटवला आहे. तुम्हीही कुणाचे बोलणे पुढे सांगाल, तेव्हा गाळलेल्याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवत चला, एवढी विनंती.