हुंबरवाडीत पाणी का मोडतात

जरा मागं सरका, पाहुणे. तळ्यात एवढ्यात डोकावू नका. आधी पाणी मोडू द्या.

त्या बघा, तालमीतल्या चार मुली निरगुडीच्या फांद्या घेऊन काठावर बसल्यात. त्या पाणी ढवळत राहतील, आणि मग पलीकडच्या मैदानात दोन हातांत दोन पट्टे घेऊन खेळ सुरू होईल. खेळ संपेपर्यंत फांद्या थांबत नाहीत. आमच्या हुंबरवाडीत याला पाणी मोडणं म्हणतात. हसू येत असेल तर हसून घ्या. तुमच्या वयाचा असताना मीही हसायचो.

फार जुनी गोष्ट आहे. या तालमीचे वस्ताद होते येसबा. लांब, लवलवतं पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ, असा पट्टा दोन्ही हातांनी खेळवणारा त्यांच्यासारखा पंचक्रोशीत दुसरा नव्हता म्हणे. शिष्याची परीक्षा दसऱ्याला व्हायची, जोखाई देवीच्या पुढ्यात. रीत कडक होती. वस्तादांनी समोर बसून दोन्ही तळव्यांवर एकेक लिंबू ठेवायचं, आणि शिष्यानं खेळ न थांबवता दोन पट्ट्यांनी दोन्ही लिंबं चिरायची. शिष्य कच्चा निघाला तर तळवा गुरूचा जायचा. म्हणून वस्ताद शिष्याला हात पक्का झाला का ते आधी विचारत, आणि त्याच्या शब्दावर विसंबून समोर बसत.

धारोजी नावाचा एक शिष्य होता. उजवा हात असा, की बघत राहावं. डावा मात्र उजव्याच्या मागं फरफटायचा. येसबा सांगायचे, "हाताकडं बघू नगंस. पाय वाहता झाला की हात आपसूक वाहतोय. दोन वर्सं लागतील." धारोजीला तेवढा दम नव्हता. त्याला याच दसऱ्याला उभं राहायचं होतं.

मग भर दुपारी, तालीम रिकामी असताना, तो या तळ्याकाठी येऊन खेळू लागला. इथंच तो चुकला. पाण्यात त्याला त्याचंच रूप दिसायचं, पण समोर उभ्या माणसासारखं. याचा उजवा फिरला की त्याचा डावा फिरायचा, तितक्याच सफाईनं. धारोजीला वाटलं, मला हवा तो डावा हात याच्यापाशी आहे. आपला गुरू जिवंत असताना त्यानं पाण्यापुढं हात जोडले आणि म्हणाला, "मला शिकीव."

असं सांगतात, की एका दुपारी धारोजी दमून थांबला, आणि पाण्यातला थांबला नाही.

दुसरा कुणी पळाला असता. धारोजी हरखला. रोज पाण्यातल्याच्या मागोमाग हात फिरवू लागला. पंधरवड्यात डावा हात असा वाहता झाला, की जेवतानासुद्धा मांडीवर आपोआप फिरायचा. येसबांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ह्यो हात मी शिकवल्याला न्हाई. कुणाकडं शिकलास?"

"तुमच्याकडंच, वस्ताद."

येसबांनी ते खरं मानलं. शिष्याच्या शब्दावर बसायचं, ही त्यांची रीत. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथं आलो की अजून जीव कळवळतो.

दसऱ्याला खेळ असा रंगला, की पट्टे दोन आहेत की चार, कळेना. वस्ताद तळवे पसरून निवांत बसले होते. उजव्या पट्ट्यानं पहिलं लिंबू चिरलं, तळव्याला ओरखडाही नाही. मग डावा उठला, आणि धारोजीला कळलं, की हा आपण उचललेला नाही. त्यानं आवरायला पाहिलं. हात ऐकेना. पट्टा लिंबाकडं नाही, वस्तादांच्या मनगटाकडं निघाला होता.

धारोजीनं उजवा पट्टा फिरवला आणि आपलाच डावा हात कोपराच्या वर तोडला.

लिंबू वस्तादांच्या तळव्यावर अख्खंच राहिलं. येसबांनी डोईचं पागोटं सोडून जखम बांधली. "आरं लेका, दोन वर्सं थांबला असतास," एवढंच म्हणाले आणि सगळ्या गावासमोर रडले.

तोडलेला हात पट्ट्यासकट या तळ्यात सोडला. जखम भरल्यावर धारोजी काठाशी आला आणि वाकून पाहू लागला. पाण्यातल्याला दोन्ही हात होते, आणि तो खेळत होता.

धारोजीनं शेजारची निरगुडीची फांदी मोडली आणि पाणी ढवळलं. पुढं मरेपर्यंत तो रोज ढवळत राहिला. दुसऱ्या कुणा शिष्याला तो पाण्यातला दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

आजही आमच्याकडं दसऱ्याला एकच लिंबू चिरतात. दुसरं अख्खं लिंबू वस्ताद तळ्यात सोडतात. गेली तीस वर्षं ते मीच सोडतोय. सोडण्याआधी सालीवरून अंगठा फिरवून बघतो, कुठं नखाचीसुद्धा खूण नको. तेवढा वेळ फांद्या थांबवतात. मी काठावर एकटा बसून राहतो.

दिवस कलायच्या आत ते लिंबू माझ्या पायाशी परत येतं. दोन फोडी होऊन.