लोखंडाच्या व्यापाऱ्याची सून

एकदा एक लोखंडाचा व्यापारी गावातल्या वृद्ध वैद्यांकडे तणतणत आला. "वैद्यबुवा, सून म्हणून नुसतं दुखणं पदरात पडलंय! दुसऱ्यांदा दिवस गेलेत आणि जिना चढली की मटकन बसते. लोहाच्या गोळ्या आणल्या, गुण नाही. उद्या माहेरी धाडतो, बघतील ते!"

वैद्य शिष्याला घेऊन त्याच्या घरी गेले आणि नाडीबिडी न बघता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. पुरुषांची पंगत उठली. मग सासू जेवली. सुनेच्या वाट्याला आली पातेल्याची खरवड, आणि वर गोळी, तीही कपभर चहाबरोबर!

वैद्यांनी प्रत्येकाची खालची पापणी ओढून पाहिली. पुरुषांच्या लाल, सासूची फिकट, सुनेची तर पांढरीफटक. "शेठ, पथ्य तुम्हाला! यापुढे आधी ही जेवेल, मग तुम्ही."

"दुखणं हिचं, पथ्य मला?"

"आमच्या वेळी आम्हीही मागूनच जेवलो," सासू पुटपुटली.

"म्हणूनच तुमच्याही अंगात रक्त कमी आणि पापणी फिकट, वहिनी!"

शिष्य गोंधळला. "गुरुजी, हा कसला उपचार?"

वैद्य कडाडले, "शेठ, तुमच्या गोदामातली सळई आपल्या पायांनी चालते? हमाल लागतो. देहातही लोह मोकळं हिंडत नाही. आतड्यातून आलेलं लोह रक्तातले वाहक उचलतात आणि हाडांच्या आत, जिथे नवं रक्त घडतं, तिथे पोचवतात. उरलेलं यकृताच्या कोठारात राहतं. जुन्या रक्तातलं लोहसुद्धा देह वाया जाऊ देत नाही, इतका जपतो! या मुलीनं तुम्हाला एक नातू दिला, दुसरं पोटात वाढतंय. दोघांनाही तिच्याच कोठारातून गेलं. ते संपेपर्यंत ती धावपळ करत होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. आता आतड्याच्या दाराशी वाहक ताटकळलेत आणि तुम्ही पाठवता खरवड! गोळी दिलीत, तर चहा त्या गोळीतलं लोह नीट आत शिरू देत नाही. आणि वर तिलाच माहेरी धाडता? लाज वाटू द्या!"

व्यापाऱ्याची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं सुनेचं पान आधी मांडलं, भरपूर पालेभाजी नि उसळ वाढली, वर लिंबू पिळलं. सुनेचा हात पुढे होईना. ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

"जेव बाई," व्यापारी म्हणाला. "तुझं झालं की हाक मार." आणि भुकेल्या पोटी तो ओसरीवर जाऊन बसला. सासूनंही सुनेशेजारी आपलं पान घेतलं. सुनेची विचारपूस करायला आलेला शिष्य ती पानं बघून दारातूनच परतला.

आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं, ते आज जरा डोकावून बघा.