चार बोटांवरचं जेवण

फार मागे, रानाला बांध घालायची चालही पडली नव्हती, तेव्हा लसूणघास आणि बरसीम ही गुरांच्या चाऱ्याची दोन पिकं एकाच वाफ्यात राहत.

लसूणघासाला आपल्या मुळाचा भारी तोरा. "माझं मूळ विहिरीच्या पाण्याला टेकतं. तुझ्या झिपऱ्या मात्र चार बोटांतच घोटाळतात!"

"असू दे हो काका," बरसीम हसून म्हणायची.

वाफ्याची मालकीण येसूबाई लेंडीखत पसरायची ते मातीच्या वरच. बरसीमच्या केसाएवढ्या मुळ्या त्यातला कण न् कण वेचत, म्हणून ती गुबगुबीत झाली. लसूणघास खाली गार पाणी पीत उपाशीच राहिला. त्याची पानं बारकी पडली.

एक दिवस येसूबाई कुदळ घेऊन आली. "हा घास थकला. पंधरा दिवसांत सुधारला नाही, तर मोडून टाकते."

लसूणघासाची पाचावर धारण बसली. मान खाली घालून तो म्हणाला, "पोरी, वर काय मिळतं गं?"

"काका, पाणी खाली असतं, पण जेवण वर वाढलेलं असतं. पाठवा की चार मुळ्या वर! मी सरकून बसते."

त्याने पाठवल्या. पंधरा दिवसांत हिरवागार फुटवा आला आणि येसूबाईची कुदळ परत गेली.

उन्हाळा चढला. काकाने बरसीमसाठी खालचं पाणी वर झिरपवून पाहिलं, पण तिचं आयुष्यच एका हंगामाचं. ती सुकली, तिच्या मुळ्या तिथंच मातीत मुरल्या.

हिवाळ्यात तिच्या बीचा कोंब डोकावला आणि रडवेला झाला. "काका, माझी मुळं किती बारीक!"

"बारीकच बरी, बाळा," लसूणघास म्हणाला. "मला अजून तुझी आईच जेवू घालतेय."