बापूसाहेबांचा हात

मत्स्यप्रेमी मंडळात अध्यक्ष बापूसाहेब गव्हाण्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवणकाम करणाऱ्या नजमाताई तांबोळींची टाकी प्रदर्शनातून बाद करायला ते भर सभेत उठले.

“दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासायची असते. या बाई पाव हिस्साच पाणी बदलतात! सगळं जग काय खोटं सांगतं?”

सभागृहातच मांडलेल्या टाकीतला नजमाताईंचा गोल्डफिश सात वर्षांचा होता. त्या सभेकडे वळल्या. “टाकी रिकामी करून घासावी, असं ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. बापूसाहेबांचा सगळ्यांत उंच.

“आता, तसं करून ज्यांचा मासा वर्षभर जगला, त्यांनीच हात वर ठेवा.”

भराभर हात खाली आले. एकटे बापूसाहेब उरले.

“अहो,” पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “गेल्या महिन्यात चौथा आणलात ना?”

तोही हात खाली आला. मग बापूसाहेबांनी खुर्ची ओढली आणि ते नजमाताईंच्या टाकीपाशी बसले.

“ताई, पाव हिस्सा म्हणजे बादल्या किती?”