नातालमायेने परत केलेले पाणी

वसईच्या किनाऱ्यालगत, जिथे मिठागरे संपतात आणि पानवेलींच्या वाड्या सुरू होतात, तिथे खारभाट नावाचे गाव होते. त्या ख्रिस्ती गावच्या लहानशा देवळात इनासबाबा राहत असत. अंगातल्या झग्याला ठिगळे, पायांत काही नाही; पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला की रडणारे मूल गप्प होई.

देवळामागे नातालमाय नावाची गरीब विधवा राहत असे. वांगी लावलेला जमिनीचा एक तुकडा आणि दारातली गोड्या पाण्याची विहीर, एवढीच तिची इस्टेट. बाळांनो, समुद्राकाठी गोडे पाणी हीच खरी संपत्ती! उन्हाळ्यात मिठागरावरचे मजूर तहानेने व्याकूळ होऊन तिच्या दाराशी येत आणि नातालमाय पोहरा सोडी.

शेजारीच बस्त्यावशेटांची मोठी वाडी होती, तिच्यात रहाटाची विहीर. देवळाला पितळेची घंटा त्यांनीच दिलेली. त्या वर्षी पाऊस कमी झाला, तेव्हा शेटांनी रहाट बंद केला आणि वाडीच्या फाटकाला कुलूप घातले.

"काय नातालमाय, पाणपोई जोरात आहे!" ते कुंपणावरून म्हणाले. "उपस, उपस. लवकरच दर्या आत येईल. मग वांगी आयती मीठ लावलेली निघतील."

बोलणे कुजके होते, पण खोटे नव्हते. फार उपसलेल्या विहिरीत तिथे समुद्राचा खार शिरतो. नातालमाय घाबरून बाबांकडे गेली.

"बाबा, मी गरिबांना पाणी देते. पण विहीर खारी झाली तर मी जाऊ कुठे?"

बाबा म्हणाले, "माय, 'देते' म्हणू नकोस. 'परत करते' म्हण. देवाने पाणी सगळ्यांसाठी धाडलं, तुझ्या दारात नुसतं ठेवायला दिलं. ज्याचं त्याला परत करताना भ्यायचं कशाला?"

"आणि खार आलाच तर?"

बाबा म्हणाले, "तर आपण दोघं मिळून खारं पाणी पिऊ."

पुढे विहिरीने तळ गाठला. पोहरा वाळूवर खरडू लागला, आणि वर आलेला घोट खारट लागला. घरात गोड्या पाण्याची एकच कळशी उरली. नेमकी त्याच दुपारी मिठागरावरची सोमी आली. तिच्या कडेवर तापाने फणफणलेले लेकरू होते.

नातालमायेचा हात कळशीवरच थबकला. कुंपणापलीकडून शेट म्हणाले, "आता काय पाजणार, माय? आशीर्वाद?"

तिने कळशी उचलली. "सोमी, तुझं पाणी घे. परत करते."

लेकरू प्याले, सोमी प्याली, मागून आलेले मजूरही प्याले. कळशी रिकामी झाली आणि नातालमाय विहिरीच्या काठावर बसून रडू लागली. एवढ्यात बाबा आले.

"पोहरा सोड, माय."

"वाळू येईल, बाबा."

"वाळू तर वाळू. सोड."

पोहरा खाली गेला आणि डुबुक्कन आवाज आला! पाणी शहाळ्यासारखे गोड. जितके उपसावे तितके ते वर चढू लागले.

"झरा फुटला असेल," शेट हसले. "माझ्याही विहिरीत आला असणार." त्यांनी कुलूप काढले, रहाट फिरवला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. एक थेंबही न उपसता त्यांची विहीर खारी झाली होती.

शेट धावतच बाबांपाशी आले. "बाबा, असं कसं झालं? मी देवळाला घंटा दिली होती!"

बाबा शांतपणे म्हणाले, "बस्त्याव, तहानलेल्याला घंटा पिता येत नाही. तुझ्या रहाटाकडे बघ. जे गाडगं रिकामं होऊन खाली जातं, तेच भरून वर येतं."

शेटांनी फाटकाची किल्ली पुढे केली. "ही देवाला देतो."

बाबांनी हात पुढे केला नाही. शेट वळले आणि सोमीपुढे किल्ली धरून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं पाणी अडवलं होतं. परत करतो."

सोमीने किल्लीकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने नातालमायेचा तांब्या भरून पुढे केला. "शेट, आधी प्या. तोंड खारट झालं असेल."

शेट प्याले. मग आधी सोमीपुढे आणि नंतर बाबांपुढे त्यांनी मस्तक टेकवले. बाबांनी त्यांना उठवले आणि सगळे मिळून खारे पाणी उपसायला रहाटाला लागले.

नव्या भाताच्या सणापर्यंत शेटांची विहीरही गोडी झाली, असे सांगतात. खारभाटात अजूनही दाराशी आलेल्या तहानलेल्याच्या हाती तांब्या देताना म्हणतात, "हे तुमचंच."