टपरीवरचा चहा आणि दोन कॅमेरे

एकदा एका वृद्ध चित्रकला शिक्षकांकडे त्यांचा जुना शिष्य आला. चेहरा पार उतरलेला. त्याच्या आईला विस्मरणाचा आजार जडला होता. आधी शेजारणींची नावं गेली, मग सख्ख्या बहिणीचं. घरच्या माणसांचे, रोजच्या कामांचे फोटो काढून तिला दाखवत चला, तेवढाच आधार होईल, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. तेव्हापासून हा पठ्ठ्या कॅमेरा निवडतोच आहे! कुणी म्हणे मेगापिक्सेल बघ, कुणी म्हणे झूम बघ; इंटरनेटवर तर प्रत्येक कॅमेऱ्याला नावं ठेवणारा कुणी ना कुणी भेटतोच. ऐपत बेताची, चूक परवडणार नव्हती. आणि त्या सकाळी आईने त्यालाच विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?"

हे ऐकून गुरुजींनी चपला घातल्या आणि त्याला घेऊन ओळखीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक मोठा, देखणा, हप्त्यांवरच घेता येईल असा. दुसरा साधा, खिशात मावणारा. गुरुजींनी मोठा शिष्याच्या गळ्यात अडकवला आणि फर्मावलं, समोरच्या टपरीवरून चहा घेऊन ये. शिष्य गोंधळला, पण गेला. परत आला तेव्हा निम्मा चहा सांडलेला, आणि एक हात छातीवरच्या कॅमेऱ्यावर घट्ट. वाटेत काय पाहिलंस, या प्रश्नावर त्याला काहीच सांगता येईना.

मग छोटा खिशात घालून पुन्हा तीच फेरी. आता मात्र गुरुजींचं डोकं फिरलं की काय, अशी भीती त्याला वाटली. या खेपेला चहा भरलेला होता. आणि टपरीवर बापाच्या चपला घालून मिरवणारी एक चिमुरडी त्याने पाहिली होती, हेही त्याने आपणहून सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "मोठा गळ्यात होता तेव्हा तू त्याचा रखवालदार होतास. तुमच्या घरी शोकेसमधल्या उंची कपबश्या कधी बाहेर निघतात?"

"पाहुणे आले की."

"आणि आई चहा कशातून घेते?"

"रोजच्या कपातून."

"मग तिच्यासाठी रोजचाच घे. फोटो थोडा उणा आला तरी चेहरा ओळखता येतो. आणखी महिनाभर चिकित्सा केलीस तर सर्वोत्तम कॅमेरा मिळेलही. पण तोवर ती तुला ओळखेल का?"

निवड चुकेल ही शिष्याची भीती अजून गेली नव्हती. तरी त्याने छोटा कॅमेरा घेतला, गुरुजींना नमस्कार केला आणि थेट घर गाठलं.

आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. तो कॅमेरा घेऊन अगदी जवळ गेला.

"अरे, पीठ उडेल की त्यावर," ती म्हणाली.

"उडू दे, आई," तो म्हणाला आणि त्याने फोटो काढला.